स्टिअरिंग थरथरतंय? गॅरेजला जाण्याआधी हे चार प्रश्न

बेळगावातून निघून काकती मागे पडली की गाडी वेग घेते. 60-70 पर्यंत सगळं सुरळीत असतं. 80 च्या पुढे काटा गेला की स्टिअरिंग हातात बारीक थरथरू लागतं, आणि वेग कमी केला की थांबतं. गावातल्या गावात फिरताना काहीच जाणवत नाही, म्हणून आपण विसरून जातो. पुढे कोल्हापूर-पुण्याला जायचं ठरलं, आई-बाबा मागे बसले, की पुन्हा आठवण होते.

अशा वेळी बहुतेक जण टायरच्या दुकानात जाऊन ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून द्या’ असं एका दमात सांगतात. ही दोन कामं अगदी वेगळी आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेनं झिजतो. थरथर मात्र सहसा अलाइनमेंटमुळे होत नाही. बॅलन्सिंग म्हणजे टायर आणि रिमचं वजन चाकाभोवती सगळीकडे सारखं वाटलेलं असणं. महामार्गावरच्या थरथरीत पहिला संशय घ्यायचा तो याचाच.

थोडं गणित बघू. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना 15 इंची चाकं असतात. 185/65 मापाचा टायर धरला तर त्याचा घेर साधारण 1.95 मीटर भरतो. ताशी 100 किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला 14 वेळा फिरतं. रिमच्या कडेला फक्त 20 ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला सुमारे 3 किलो वजनाइतक्या जोरानं बाहेर खेचतं, आणि प्रत्येक फेऱ्यात त्याची दिशा बदलते. 50 च्या वेगाला हाच जोर चौथाई होतो, म्हणून गावात पत्ता लागत नाही. शिवाय चाक आणि सस्पेन्शनची स्वतःची एक हलण्याची लय असते. चाकाचे धक्के त्या लयीशी जुळले की थरथर एकदम वाढते. म्हणूनच ती एका ठरावीक वेगातच जास्त जाणवते.

पण कारण दरवेळी हेच असतं असं नाही. गॅरेजला जाण्याआधी मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत गाडी चालवून चार गोष्टी बघून ठेवा.

पहिला प्रश्न : थरथर कुठे जाणवते? स्टिअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढची चाकं. सीट आणि पायाखालची जमीन हलत असेल तर मागची.

दुसरा : ती वेगाबरोबर बदलते की इंजिनाबरोबर? 80 च्या वेगाला पाचवा गिअर असेल तर त्याच वेगाला चौथा टाकून बघा. इंजिन जास्त फिरेल, चाकं तेवढीच. थरथर तशीच राहिली तर दोष चाकांकडे आहे. ती बदलली तर इंजिन आणि त्याचं माउंटिंग तपासायला सांगा.

तिसरा : ब्रेक दाबल्यावरच होते का? चोर्ला घाट उतरून गोव्याकडे जाताना ब्रेकबरोबर स्टिअरिंग हलत असेल आणि पाय काढला की थांबत असेल, तर दोष ब्रेकच्या डिस्कमध्ये शोधायचा. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. इथे बॅलन्सिंग कितीही वेळा केलं तरी उपयोग नाही.

चौथा : ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढते आणि सोडल्यावर कमी होते का? तसं असेल तर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा ड्राइव्ह शाफ्ट आणि त्याचे सांधे बघायला हवेत.

आता पैसे न लागणारी कामं. पावसाळ्यात आपल्याकडची लाल माती रिमच्या आतल्या बाजूला जाऊन वाळते. बाहेरून गाडी चकाचक असली तरी आत मातीचा थर असतो, आणि वर हिशेब केलेल्या 20 ग्रॅमपेक्षा तो सहज जास्त भरतो. पाण्याचा फवारा आतून मारून घ्या. चारही टायरमधली हवा बघा. गाडी महिनाभर एका जागी उभी असेल तर टायरचा टेकलेला भाग थोडा चपटा होतो, पहिले काही किलोमीटर थरथरतं आणि टायर गरम झाल्यावर थांबतं. त्यासाठी खर्च करायची गरज नाही.

एवढं करूनही थरथर राहिली, तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून घ्या. स्टिअरिंग शांत झालं आणि सीट हलू लागली, तर त्या दोन चाकांपैकीच एक दोषी आहे. काहीच फरक पडला नाही तर चाकं सोडून पुढे बघायचं. आमच्या नात्यातल्या एका गाडीचं तीनदा अलाइनमेंट झालं होतं, नवीन टायर घ्यायची बोलणीही चालू होती. चाकांची ही अदलाबदल केल्यावर कळलं की खड्ड्यात आपटून एक रिम वाकली होती. टायर चांगले होते. सॉफ्टवेअरमधला दोष शोधताना आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तेच इथेही करायचं. टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एकाच दिवशी केलं तर थरथर कशानं गेली ते कधीच कळत नाही, आणि ती गेली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बॅलन्सिंग करताना दुकानात समोर उभे राहा. रिमवरची जुनी वजनं आधी काढायला सांगा. मशीनवर चाक फिरताना रिम डगमगते का आणि टायर वरखाली होतो का, ते डोळ्यांना दिसतं. नवीन वजनं लावल्यावर चाक पुन्हा एकदा फिरवून आकडा शून्यावर आलेला बघा.

काही थरथरी मात्र पुढच्या रविवारपर्यंत थांबवून ठेवायच्या नसतात. चाक नुकतंच काढून बसवलं असेल आणि नंतर गाडी हलू लागली, तर लगेच बाजूला घेऊन चाकाचे नट तपासा. टायरच्या बाजूला फुगवटा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. तो टायर भर वेगात फुटू शकतो, स्टेपनी लावूनच पुढे जा. टायरचा जमिनीवर टेकणारा भाग एके ठिकाणी उचललेला दिसला तरीही तेच करा. थरथरीबरोबर खटखट आवाज येत असेल, स्टिअरिंग सैल वाटत असेल किंवा वेगाबरोबर घरघर वाढत असेल, तर टाय रॉड, बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग झिजलेलं असू शकतं. यातला सांधा निसटला तर स्टिअरिंग हातात असूनही गाडी आपलं ऐकत नाही. अशी गाडी घेऊन महामार्गावर जाऊ नका. ही तपासणी चाक उचलून, हातानं हलवून करतात. ती मेकॅनिकलाच करू द्या, जॅकवरच्या गाडीखाली स्वतः शिरू नका.

गॅरेजमध्ये नुसतं ‘गाडी हलते’ म्हणण्याऐवजी सांगा, ‘85 ते 100 मध्ये स्टिअरिंग थरथरतं, ब्रेकचा संबंध नाही, गिअर बदलून फरक पडत नाही.’ चांगला मेकॅनिक एवढ्यावरून थेट योग्य ठिकाणी हात घालतो. हे चार प्रश्न मोबाइलमध्ये लिहून ठेवा, आणि घरात नुकतंच लायसन्स मिळालेलं कुणी असेल तर त्यालाही पाठवा.

पुढच्या अंकात टायरवर छापलेले आकडे कसे वाचायचे ते बघू.