विश्लेषण : मराठी सिनेमा सोलापुरात चालत नाही, की त्याची वेळ चुकते?

'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ ला लागला. पहिल्या सोमवारी दुपारी पाऊणच्या शोला मी गेलो, तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये आम्ही अकरा जण होतो. त्यातले दोघे मध्यंतरात उठून गेले. पुढच्या रविवारी घरच्यांना घेऊन पुन्हा गेलो, तर त्याच हॉलमध्ये पुढच्या तीन रांगांशिवाय जागा नव्हती. सिनेमा तोच, पडदा तोच, तिकिटाच्या दरात थोडाच फरक. मग सहा दिवसांत असं काय बदललं?

गेली तीसेक वर्षे मी सोलापुरात सिनेमे बघतोय. समीक्षक नाही, तिकीट काढून बघणारा आहे. तरी गेल्या वर्षभरातले गाजलेले सिनेमे बघताना एक गोष्ट सारखी डोळ्यांत खुपली. आपल्या शहरात मराठी सिनेमाचं भवितव्य त्याच्या गोष्टीआधी त्याच्या शोची वेळ ठरवते.

पाऊणच्या शोला कोण येणार?

हे शहर हाताने काम करणाऱ्यांचं आहे. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पण यंत्रमाग सुरू आहेत. चादर आणि टॉवेल विणणाऱ्या कामगाराची पाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची. पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीकडे हजारो बायका घरी विड्या वळतात आणि मजुरी हजार विड्यांमागे मिळते. दुपारी तीन तास सिनेमाला बसायचं म्हणजे तेवढ्या विड्या कमी. तिकिटाचे पैसे वेगळेच. अशा गावात सोमवार ते शुक्रवार दुपारी पाऊणला मराठी सिनेमा लावायचा आणि चौथ्या दिवशी 'प्रेक्षकच नाही' म्हणून काढायचा, याला काय म्हणावं?

याला अपवाद आहे, तोही सांगितला पाहिजे. जून २०२३ च्या अखेरीस आलेल्या 'बाईपण भारी देवा'चे दुपारचे शो बायकांनी भरले. भिशीचे गट, महिला मंडळं, एका रंगाच्या साड्या, मध्यंतरात फुगड्या. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा एवढ्या भांडवलावर केदार शिंदे यांनी राज्यभर गर्दी खेचली. मला तो सिनेमा ठिकठिकाणी मालिकेसारखा वाटला, पण घरातल्या बायकांपुढे हे मत मांडण्याची सोय नव्हती. मात्र त्या गर्दीत दुपार मोकळी असलेल्या बायकाच जास्त होत्या. विडी वळणाऱ्या बहुतेक रविवारीच आल्या.

नियम काय सांगतो?

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी सिनेमा दाखवणं सक्तीचं करण्याची घोषणा केली. त्यावर मोठा वाद झाला. दही-मिसळ आणि वडापावपर्यंत विषय गेला. शेवटी तडजोड अशी निघाली की मराठी सिनेमाची 'प्राइम टाइम' दुपारी १२ ते रात्री ९ धरायची. ऐकायला ते बरं वाटलं. प्रत्यक्षात दुपारी सव्वाबाराचा शोही प्राइम टाइममध्ये जमा झाला. कागदावर नियम पाळला जातो आणि संध्याकाळी सातला पडद्यावर दुसराच सिनेमा असतो.

चित्रपटगृहवाल्याची बाजूही समजून घेऊ. सिनेमा शुक्रवारी लागतो आणि सोमवारचा गल्ला बघून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक ठरायला लागतं. हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ साली संप होऊन जो करार झाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० असा ठरला. म्हणजे सिनेमा जितका जास्त टिकेल तितका चित्रपटगृहाचा फायदा. पण मोठे हिंदी सिनेमे पहिल्या तीन दिवसांतच बहुतांश गल्ला गोळा करतात. मग संध्याकाळची वेळ त्यांनाच जाते. वीजबिल, पगार, देखभाल हे सगळं रिकाम्या खुर्च्यांवर चालत नाही, हे खरंच आहे.

त्यात सिनेमे लांबले. 'पुष्पा २' तीन तास वीस मिनिटांचा, 'धुरंधर' साडेतीन तासांच्याही वर. सव्वादोन तासांचा सिनेमा असेल तर एका पडद्यावर दिवसाला पाच शो बसतात. साडेतीन तासांचा असेल तर कसेबसे चार. जो शो कापला जातो, तो कुणाचा असतो हे सांगायला नको.

'सैयारा'च्या शुक्रवारी काय झालं?

१८ जुलै २०२५ ला दोन सिनेमे एकाच दिवशी आले : मोहित सुरींचा 'सैयारा' आणि संजय जाधव यांचा 'ये रे ये रे पैसा ३'. नवे चेहरे असूनही 'सैयारा' तुफान चालला आणि मराठी सिनेमाचे शो कमी केल्याची तक्रार राज्यभर झाली. राजकीय पक्ष उतरले, इशारे दिले गेले.

मी दोन्ही बघितले. 'सैयारा'ची गोष्ट जुनीच आहे, गाण्यांनी तारली. पण पोरं रडत होती, खोटं रडत नव्हती. माझ्या शेजारची मुलगी गाणं लागलं की मोबाइल काढून स्वतःच्याच डोळ्यांतलं पाणी टिपत होती, ते सोडा. 'ये रे ये रे पैसा ३' मला फारसा आवडला नाही. विनोद आधीच्या दोन भागांचाच शिळा झालेला. त्या शुक्रवारी त्याला अन्याय झाला हे मान्य. पण अन्याय झालेला प्रत्येक सिनेमा चांगला असतोच असं नाही आणि आंदोलनाने तिकिटं विकली जात नाहीत. भांडायचंच तर 'जारण'सारख्यासाठी भांडावं. जून २०२५ मध्ये आलेल्या हृषीकेश गुप्ते यांच्या त्या सिनेमात अमृता सुभाष यांनी भीती आणि मनाचा आजार यांच्या सीमेवरची बाई अशी उभी केली आहे, की करणी-भानामतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला घरी जाताना गल्लीतला अंधार वेगळा दिसतो.

'छावा'ला वेळेची अडचण का आली नाही?

कारण तो हिंदी होता, हे पहिलं उत्तर. १४ फेब्रुवारी २०२५ ला लागलेल्या लक्ष्मण उतेकरांच्या या सिनेमाला सकाळी लवकरपासून रात्री उशिरापर्यंत शो मिळाले. देशात सहाशे कोटींच्या पुढे गल्ला गेला. करमुक्त करा अशी मागणीही झाली. पण महाराष्ट्रात करमणूक कर २०१७ पासूनच नाही. उरतो तो जीएसटी.

आमच्या जिल्ह्याचं या कथेशी नातं आहे. पुढे काही वर्षे औरंगजेबाची छावणी मंगळवेढा तालुक्यात ब्रह्मपुरीला, माचणूरजवळ भीमेच्या काठी होती. माचणूरच्या सिद्धेश्वराला जाणाऱ्या माणसाला तो किल्ला रस्त्यात दिसतो. त्यामुळे अक्षय खन्नाचा थकलेला, विणकाम करत बसलेला बादशहा बघताना हॉलमध्ये वेगळीच शांतता होती. त्याने कमी बोलून जे केलं ते मला विकी कौशलच्या गर्जनांपेक्षा जास्त लक्षात राहिलं.

तरी एक खंत आहे. संभाजी महाराज 'बुधभूषण'चे कर्ते. सिनेमात मात्र त्यांची तलवारच जास्त दिसते. शेवटचा छळाचा भाग इतका लांबवला आहे, की माझ्या पुढच्या रांगेतल्या आईने आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे डोळे झाकले ते शेवटपर्यंत काढले नाहीत. लोक घोषणा देत बाहेर पडले. मी डोकं धरून बाहेर पडलो. आणि मराठी माणसाची एवढी मोठी गोष्ट हिंदीत आली म्हणूनच तिला सातचा शो मिळाला, हेही डोक्यातून जाईना.

तेलुगू समजणारं गाव

सोलापूरच्या प्रेक्षकाबद्दल पुण्या-मुंबईत एक गैरसमज आहे. आम्ही हिंदी किंवा मराठीतच निवड करतो असं त्यांना वाटतं. इथे पूर्व भागात पद्मशाली विणकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात घराघरांत कन्नड. माणूस मराठीत भांडतो, तेलुगूत लाड करतो आणि हिंदीत रिक्षा ठरवतो. डिसेंबर २०२२ मध्ये रितेश देशमुखचा 'वेड' आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी तो बघून लगेच मूळ 'मजिली'शी तुलना सुरू केली. समांथाला जिनिलिया पुरी पडली का, यावर दोन दिवस वाद चालला. अजय-अतुलच्या गाण्यांवर मात्र एकमत होतं.

'पुष्पा २'मधला गंगम्मा जत्रेचा प्रसंग मला त्या सिनेमातला सर्वात ताकदीचा वाटला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ ओढणाऱ्या माणसाला जत्रेतलं ते बेभान होणं समजावून सांगावं लागत नाही. बाकी सिनेमाचा उत्तरार्ध उगाच फुगवलेला.

म्हणजे आमच्या प्रेक्षकापुढे चार भाषांचं ताट आहे. मराठी सिनेमाची स्पर्धा फक्त बॉलिवूडशी नाही. आणि इथेच मराठी निर्मात्यांना दोन शब्द सुनवावेसे वाटतात. दरवर्षी येणाऱ्या सिनेमांतले किती जण पुण्याच्या फ्लॅटमधून किंवा मुंबईच्या दिवाणखान्यातून बाहेर पडतात? बाल्कनीत कॉफी पीत नात्यांवर बोलणारी माणसं आम्हाला परकी नाहीत, पण ती आमचीही नाहीत. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला तेव्हा तो सोलापूर जिल्ह्यातच घडत होता. दिग्दर्शक करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, नायिका अकलूजची, बोली आमच्या एसटीतली. त्या वेळी कुणी शोची वेळ विचारली नाही. मराठीत शंभर कोटींची भाषा तेव्हाच पहिल्यांदा ऐकू आली. त्यानंतर नऊ वर्षांत आमचा जिल्हा पडद्यावर तितक्या खरेपणाने किती वेळा दिसला, हे मोजायला एका हाताची बोटं जास्त होतील.

मग 'दशावतार' कसा टिकला?

सुबोध खानोलकर यांचा हा सिनेमा कोकणातला. दशावतारी नाटक सोलापूरकराने बघितलेलं असण्याची शक्यता कमी. तरी लोक आले, ते दिलीप प्रभावळकरांसाठी. वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांनी दृष्टी अधू होत चाललेला बाबुली मेस्त्री असा केला आहे, की त्याच्या हाताची थरथर अभिनयाची की वयाची हे कळत नाही. पूर्वार्धातलं बाप-लेकाचं नातं सुंदर. उत्तरार्धात खाणीचा मुद्दा आला की सिनेमा भाषण करायला लागतो. खलनायक तर आल्या आल्या ओळखू येतात. तरीही रंग फासून तो म्हातारा उभा राहतो तेव्हा अंगावर काटा येतो, दुसऱ्यांदा बघतानाही आला.

त्या सोमवारी आम्ही अकरा जणच होतो, पण त्या अकरांनी घरी जाऊन, कामावर जाऊन सांगितलं. तोंडी चर्चेला कष्टकऱ्यांच्या शहरात फिरायला आठवडा लागतो, कारण माणसं एकमेकांना भेटतात ती सुट्टीच्या दिवशी. 'दशावतार'ला तो आठवडा मिळाला. बहुतेक मराठी सिनेमांना चारच दिवस मिळतात. त्याच महिन्यात पुढे सीनेला पूर आला, माढा, करमाळा, मोहोळकडची गावं पाण्यात गेली आणि सिनेमाचं कुणाला सुचेना, हे वेगळं.

मला विचाराल तर फार मोठी मागणी नाही. बारा ते नऊ या नऊ तासांतला निदान एक शो साडेसहानंतरचा असावा आणि तो दुसऱ्या शुक्रवारपर्यंत हलवू नये. तिकीट शंभर रुपयांच्या आत ठेवलं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी ५ टक्केच आहे, आधी १२ होता. शंभरच्या वर गेलं की १८. आठवड्यातल्या संध्याकाळी शंभराच्या आतलं तिकीट आणि सातचा शो, हे एकदा करून तर बघा. नाही चालला तर काढा, मी तक्रार करणार नाही.

आमच्या शेजारी एक अक्का आहेत, घरी तेलुगू, बाहेर मराठी. सुपात पानं, मांडीवर कात्री, हात सतत चालू. 'दशावतार'बद्दल त्यांना मीच सांगितलं होतं. म्हाताऱ्याचं काम फार भारी आहे म्हटलं. त्यांनी दोरा दातात धरूनच विचारलं, "सातचा हाय का ओ?" मी मोबाइलवर बघितलं. पाऊणचा होता, सव्वाचारचा होता.

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या, आणि पुढचं पान उचललं.