‘कमी केली’ म्हणजे सोडली नव्हे

‘तंबाखू एकदम सोडू नका, हळूहळू सोडा’ हा सल्ला आपल्या चिकित्सालयांतून नित्य दिला जातो. देणाऱ्या वैद्याच्या मनात चरकसंहितेतील पादांशिक क्रम असतो आणि ऐकणाऱ्या रुग्णाला तो सोयीचा वाटतो. या सल्ल्याचे पुढे काय होते, याचा हिशेब मात्र क्वचितच ठेवला जातो. व्यसन सोडविण्याच्या उपायांवर गेल्या काही दशकांत जे संशोधन झाले, त्याच्या प्रकाशात हा सल्ला तपासून पाहणे आम्हाला अगत्याचे वाटते. प्रश्न वैद्यवर्गाच्या विश्वासार्हतेचा आहे आणि त्याहून अधिक रुग्णाच्या आयुष्याचा.

आयुष्याचा म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. ब्रिटनमधील पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाचा अभ्यास डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये सुरू केला. पन्नास वर्षांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुर्मान सुमारे दहा वर्षांनी घटते. मात्र साठाव्या वर्षी सोडल्यास सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडल्यास जवळजवळ पूर्ण दहा वर्षे परत मिळतात. एवढा आयुष्यलाभ देणारे रसायन आपल्या ग्रंथांत असो वा इतरांच्या, दुसरे दाखविता येणे कठीण आहे.

आता वैद्याच्या शब्दाला किती वजन असते ते पाहू. १९७९ मध्ये लंडन येथे रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ सामान्य व्यावसायिकांकडे आलेल्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना काहीच सांगितले नाही, त्यांच्यापैकी ०.३ टक्के वर्षअखेर धूम्रपानमुक्त होते. ज्यांना एक-दोन मिनिटांचा स्पष्ट सल्ला, एक पत्रक आणि ‘पुन्हा विचारपूस करू’ एवढी सूचना मिळाली, त्यांच्यापैकी ५.१ टक्के. आकडा लहान दिसतो. पण वर्षाकाठी पाचशे तंबाखूसेवी रुग्ण पाहणाऱ्या वैद्याने हे केले आणि शंभरात तिघांनाच गुण आला, तरी पंधरा कुटुंबांचा कर्ता पुरुष किंवा गृहिणी वाचते. त्यासाठी औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतो तो केवळ एक प्रश्न.

तोच प्रश्न विचारला जात नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार वैद्यकीय व्यावसायिकाकडे जाऊन आलेल्या धूम्रपानी व्यक्तींपैकी ४८.८ टक्के व्यक्तींनाच सोडण्याचा सल्ला मिळाला होता. तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्यांत हे प्रमाण ३१.७ टक्के होते. महाराष्ट्रात तर दुसराच वर्ग मोठा आहे. त्याच सर्वेक्षणात आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के आढळले. म्हणजे आपला रुग्ण सिगारेट ओढणारा कमी आणि चुन्याची डबी बाळगणारा, बार भरणारा, मशेरी लावणारी अधिक. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि केसपेपरवर ‘व्यसन : नाही’ अशी नोंद होते. मशेरीला तर व्यसन म्हणण्याचीही पद्धत नाही. ते दात घासणेच समजले जाते. गर्भिणीच्या परिचर्येत आपण दौहृदापासून मासानुमासिक क्षीरपाकापर्यंत सर्व विचारतो. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. हे ध्यानी घेता गर्भिणीला मशेरीविषयी न विचारणे हे परिचर्येतील न्यूनच होय.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात चरकाचार्य सांगतात की, सवयीचे झालेले अहित बुद्धिमानाने क्रमाने सोडावे. अहिताचा एक पाद काढावा, त्या जागी हिताचा एक पाद योजावा आणि एक, दोन, तीन दिवसांच्या अंतराने पुढे जावे. वाग्भटानेही हाच उपदेश केला असून सहसा त्याग केल्याने उद्भवणाऱ्या व्याधींचा इशारा दिला आहे. हा उपदेश आदरणीय आहे. परंतु त्यातील तीन गोष्टी आपल्या व्यवहारात गळून पडल्या आहेत. पहिली, हा क्रम थोड्या दिवसांत संपतो, चौथ्या पादानंतर अहित शिल्लक राहत नाही. दुसरी, काढलेल्या प्रत्येक पादाच्या जागी हित योजायचे आहे, जागा रिकामी ठेवायची नाही. तिसरी, क्रमाचे मोजमाप आहे. ‘जमेल तसे कमी करा’ या वाक्यात यांपैकी एकही गोष्ट नाही. वीस सिगारेटींच्या पाच झाल्या म्हणून रुग्ण समाधानी, वैद्यही समाधानी, आणि त्या पाच दहा वर्षे चालतात. हा पादांशिक क्रम नव्हे. पाद मध्येच थांबला आहे.

या समाधानाला आधारही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की, दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृद्रोगाचा जेवढा अतिरिक्त धोका वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मा केवळ एका सिगारेटीनेही पत्करला जातो. शिवाय संख्या घटली की मनुष्य झुरका अधिक खोल घेतो. तेव्हा कमी करणे ही सोडण्याची पायरी असू शकेल, मुक्काम नव्हे.

मग पायरी म्हणून तरी क्रम श्रेयस्कर का? २०१६ मध्ये इंग्लंडमधील ६९७ व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने ठरल्या दिवशी धूम्रपान एकदम थांबविले, दुसऱ्याने त्याआधी दोन आठवडे क्रमाने घटविले. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के आणि क्रमाने सोडणाऱ्यांपैकी ३९.२ टक्के मुक्त होते. सहा महिन्यांनी हे प्रमाण अनुक्रमे २२ आणि १५.५ टक्के राहिले. अनेक चाचण्यांच्या २०१९ मधील समीक्षेत मात्र दोन्ही मार्गांत विशेष अंतर आढळले नाही. आपल्यापैकी काहींना पहिल्या अभ्यासाने शास्त्रवचन खोटे ठरले असे वाटेल आणि काहींना तो परकीय म्हणून त्याज्य वाटेल. आम्हाला दोन्ही प्रतिक्रिया उतावळ्या वाटतात.

त्या अभ्यासाचा तपशील पाहावा. ‘एकदम’ सोडणाऱ्या गटालाही निकोटीनच्या पट्ट्या दिल्या होत्या आणि समुपदेशन होते. म्हणजे धूर एका दिवशी सुटला, तरी शरीराला सात्म्य झालेले निकोटीन एका दिवशी तुटले नाही. अत्यंत अहित असा जो धूर, तो तत्काळ दूर केला. सात्म्याचा विचार करून त्या जागी तुलनेने निरुपद्रवी पर्याय योजला आणि तो पुढे क्रमाने काढला. अहिताच्या जागी हित योजण्याचे तत्त्व येथे नाकारले गेलेले नाही. ते अधिक नेमकेपणाने वापरले गेले आहे. क्रम कशाचा करावयाचा, धुराचा की सात्म्याचा, हा प्रश्न त्यातून पुढे येतो आणि तो आपल्या शास्त्राच्या भाषेतलाच प्रश्न आहे. तंबाखू चघळणाऱ्याच्या बाबतीत त्याचे उत्तर इंग्लंडमधील सिगारेटीच्या अभ्यासावरून काढता येणार नाही. ते येथेच शोधावे लागेल.

शोधणे म्हणजे काय, याविषयीही स्पष्टता हवी. ‘आमच्या चूर्णाने शेकडो व्यसनमुक्त झाले’ अशा जाहिराती वृत्तपत्रांत दिसतात. रुग्णाला न सांगता चहात घालून देण्याची चूर्णेही विकली जातात. ज्याला आपण औषध घेतो आहोत हेच ठाऊक नाही, त्याच्या धृतीला बळ कसे मिळणार? सत्त्वावजयाचा याहून मोठा विपर्यास नाही. तीच गोष्ट वनौषधींच्या विडी-सिगारेटींची. शास्त्रोक्त धूमपानाचे द्रव्य, काल व मात्रा नियत आहेत. अकाली व अतिमात्र धूमाने बाधिर्य, आंध्य, रक्तपित्त होते असे चरकच बजावतात. तंबाखू तर अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. तिचा त्या धूमवर्तीशी संबंध नाही. पान कोणतेही जाळा, धुरात डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असणारच. अशा उत्पादनांवर ‘आयुर्वेदिक’ हा शब्द छापला जातो तेव्हा कमीपणा आपल्या सर्वांना येतो.

वनस्पतिज औषधाची कसोटी कशी लागते, याचे उत्तम उदाहरण सायटिसीनचे आहे. युरोपातील लॅबर्नम नावाच्या पिवळ्या घोसांच्या विषारी वृक्षापासून मिळणारे हे द्रव्य पूर्व युरोपात कित्येक वर्षे वापरात होते, पण जगाने ते मानले नाही. २०११ मध्ये पोलंडमधील ७४० व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष आले. वर्षअखेर सायटिसीन घेणाऱ्यांपैकी ८.४ टक्के, तर नकली गोळी घेणाऱ्यांपैकी २.४ टक्के मुक्त होते. त्यानंतर त्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. योगाच्या क्षेत्रातही असा प्रयत्न झाला आहे. दिल्लीतील अल्प उत्पन्नाच्या ३२ वस्त्यांत एका बैठकीचा सल्ला आणि श्वसनाभ्यास देऊन घेतलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी २.६ टक्के व्यक्ती तंबाखूमुक्त आढळल्या. तुलनागटात हे प्रमाण ०.५ टक्के होते. यश माफक आहे, पण ते मोजलेले आहे. म्हणूनच ते कोणासमोरही मांडता येते.

आमची सूचना अशी. आपल्या संघटनेने काही चिकित्सालये मिळून एक अभ्यास हाती घ्यावा. आचारसमितीची संमती घेऊन तो भारतीय चिकित्सा चाचणी नोंदणीत आधी नोंदवावा. धूररहित तंबाखू घेणाऱ्यांचे दोन गट करावेत. एकाने ठरल्या दिवशी सोडावी, दुसऱ्याने अंतिम दिवस निश्चित करून पादांशिक क्रमाने. दोहोंना सारखेच समुपदेशन आणि पाठपुरावा द्यावा. सहा महिन्यांनी मोजणी व्हावी आणि जो परत आला नाही, त्याचे व्यसन सुरूच आहे असे धरावे. हा शेवटचा नियम कडू आहे, पण त्यानेच अनुभव आणि पुरावा यांतील भेद कळतो. निष्कर्ष कोणताही आला, तरी शास्त्राचे नुकसान नाही. प्रत्यक्ष व युक्ती यांना प्रमाण मानणाऱ्या परंपरेला परीक्षेचे भय असू नये.

अभ्यासाची वाट न पाहता उद्यापासून करण्याजोगेही पुष्कळ आहे. प्रत्येक रुग्णाला विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा, मशेरी ही नावे घेऊन विचारावे आणि केसपेपरवर नोंदवावे. ‘सोडा’ असे स्पष्ट सांगावे आणि दिवस ठरवावा. श्रावणात मद्य-मांस वर्ज्य करणाऱ्या, माळ घालून व्रत पाळणाऱ्या आपल्या समाजाला संकल्पाचा दिवस शिकवावा लागत नाही. त्या संकल्पात तंबाखूचे नाव तेवढे घालावे लागते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात आणि चिडचिड, अनिद्रा, मलावष्टंभ, अतिक्षुधा या तक्रारी काही आठवडे राहतात, याची पूर्वकल्पना द्यावी. येथे वैद्याचा हात हलका आहे. पादाभ्यंग, अनुलोमन, कवल-गंडूष, आहाराची आखणी यांनी हे दिवस सुसह्य करता येतात. मात्र ही लक्षणचिकित्सा आहे, व्यसनावरील सिद्ध औषध नव्हे, हे स्वतःशी व रुग्णाशी प्रामाणिकपणे मान्य करावे. ज्याला अधिक साहाय्य लागेल, त्याला तंबाखूमुक्ती केंद्राकडे किंवा १८००-११-२३५६ या राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवेकडे पाठवावे. त्यात कमीपणा नाही. आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारावे. पुन्हा सुरू झाली असल्यास न रागावता नवा दिवस ठरवावा.

‘किती कमी झाली?’ हा प्रश्न वैद्यबंधू-भगिनींनी आता सोडून द्यावा. रुग्णाला विचारावे ते एवढेच : ‘कोणत्या दिवशी सोडायची?’