पणत्या रंगवून पोट भरतं का?

३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. गुलाबपुष्प, भाषणं, फोटो. मग वर्षभर सामसूम.

आमच्या शेजारचा मुलगा लेखनिक आणि जादा वेळ घेऊन दहावी पास झाला. पेढे वाटले. आता अठरावं सरलं, तरी एकटा एसटीने तालुक्याला जात नाही. कारण कुणी शिकवलंच नाही! शाळेत व्यवसाय शिक्षण म्हणजे दिवाळीच्या पणत्या रंगवणं.

२०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत किमान ४ टक्के आरक्षण दिलं, चांगलंच झालं. पण वेळेवर पोचणं, पगाराचा हिशोब समजणं, "मला एवढं जमतं, इथे मदत लागेल" असं साहेबाला न घाबरता सांगणं, हे नववीपासून कोण शिकवतं? याला मोठा निधीही लागत नाही. किराणा दुकान, झेरॉक्सवाला, दवाखान्यातली केसपेपरची खिडकी. आठवड्यातून दोन दिवस मुलांना तिथे काम करू द्या. चुकतील, चुकू द्या. आपणच (मीसुद्धा) "राहू दे, तुला नाही जमणार" म्हणून हातातलं काम काढून घेतो.

येत्या पालक सभेत हा विषय मांडतोय. ओळखीचा कुणी दुकानदार तयार असेल तर कमेंटमध्ये सांगा.