गाडी पाणी पिते, पण सांडत नाही



या हिवाळ्यात आमची २००३ सालची स्टेशनवॅगन पाणी प्यायला लागली. दर आठवड्याला कूलंटची पातळी 'मिन'च्या खाली, पण जमिनीवर एक थेंब नाही. पाव लिटर डिस्टिल्ड वॉटर ओतायचं आणि ऑफिसला पळायचं, असं महिनाभर चाललं. सॉफ्टवेअरवाल्याची खोड, रीस्टार्ट करून चाललं की बग विसरायचा :-)

पण एप्रिलमध्ये आईबाबा सांगलीहून यायचे होते आणि त्यांना श्टुटगार्टहून ब्लॅक फॉरेस्टला न्यायचं ठरलं होतं. ऑटोबानवर इंजिन तापून हेड गॅस्केट उडालं तर दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीपेक्षा मोठं. बाबा फोनवर म्हणाले, "अरे, रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाक." खंबाटकी घाटात बॉनेट उघडून फियाट थंड करायच्या काळातला हा उपाय. हळद बारीक भोक बुजवते खरी, पण हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते. इथल्या थंडीत हीटर गेला तर झालंच कल्याण.

तसं पाणी ओतत गाडी हाकणं इथे नवीन नाही. १८८८ मध्ये बेर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली, तेव्हा इंजिन थंड ठेवणारं पाणी वाफ होऊन उडून जायचं. बाई वाटेत मिळेल तिथे पाणी भरत गेली. तिच्या गाडीची रचनाच तशी होती. आपल्या गाडीत बंद चक्र आहे, म्हणजे पातळी उतरली की ते कुठून तरी बाहेर पडतंच आहे.

आधी वाईट शक्यता तपासल्या. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय नाही, गरम इंजिनालाही सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. (थंडीत नुसत्या छोट्या फेऱ्या मारल्या तरी झाकणाखाली साय येते, तेवढ्यावरून घाबरू नका.) पुढचा गालिचा कोरडा, म्हणजे हीटरही ठीक.

मग शनिवारी मीटवेर्कश्टाट गाठलं, म्हणजे तासावर भाड्याने मिळणारं गॅरेज. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीच्या तोंडाला हातपंप लावून १ बार दाब दिला. गरम असताना ते झाकण चुकूनही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. दहा मिनिटांत काटा घसरला. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन शोधलं, तर सिलिंडर हेडच्या बाजूला प्लास्टिकच्या फ्लँजखाली गुलाबी खडूसारखा थर! आतली रबराची रिंग कडक झाली होती. थंडीत ती गळायची, तापली की फुगून बसायची. जे थेंब पडत ते खालच्या गरम गिअरबॉक्सवर सुकून जात. जमिनीवर काय दिसणार, कपाळ?

नवीन फ्लँज, रिंग, दोन बोल्ट. भाग स्वस्त, पण हात आत घालायला दीड तास. काढलेलं कूलंट गटारात ओतायचं नाही. ते विषारी आणि चवीला गोड, मांजरं-कुत्री चाटतात. डब्यात भरून महापालिकेच्या घातक कचरा केंद्रात दिलं. नवीन भरताना गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच प्रकारचं घ्या. रंग बघून घेऊ नका, आणि वेगळे प्रकार एकत्र केले तर कधीकधी गाळ होतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवून हवा काढली. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पातळी पुन्हा बघितली आणि थोडं घातलं.

टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवली. ब्लॅक फॉरेस्ट झालं, पातळी रेघेवरच. बाबांनी स्वतः बॉनेट उघडून दोनदा खात्री केली.