पोटुशीला विचारा, पण जात बघून नको

'बाई दारू पिते' हे वाक्य आमच्या वस्तीबद्दल दोन जातीची माणसं बोलतात. एक दवाखान्यातली, नाक मुरडून. दुसरी आमचीच, दबक्या आवाजात, समाजाची बदनामी नको म्हणून. या दोघांच्या मधे ती बाई पोट घेऊन उभी असते आणि तिच्याशी कुणीच बोलत नाही.

मी गोदीत माल उचलतो, रात्री कविता खरडतो. मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही. पहाटे उल्हासनगरहून लोकल धरायला निघालो की शेजारच्या वहिनी कामावरून परत येताना दिसायच्या. ठेक्यावर सफाई. हातमोजे नाहीत, बूट नाहीत, कपाळावर वालधुनी नदीचा काळा चिखल. घरात शिरायच्या आधी गुत्त्यावर एक नवटाक. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "भावजी, मला काय हौस हाय व्हय? ह्यो वास नाकात ठेवून भाकर उतरत न्हाई घशाखाली."

चौथ्या महिन्यात त्या एका दवाखान्यात नाव घालायला गेल्या. तिथल्या बाईनं भरल्या रांगेत तोंडाचा वास घेतला आणि म्हणाली, "तुम्हा लोकांना पोटच्या पोराची तरी लाज?" तुम्हा लोकांना! वहिनी उठून आल्या त्या परत गेल्या नाहीत. ना इंजेक्शन, ना गोळ्या, ना वजन. सातव्या महिन्यात घरातच मोकळ्या झाल्या. पोरगं दीड किलोचं. आता सहा वर्षांचं आहे, फळ्यावर त्याची नजर ठरत नाही. दारूनं झालं, उपासमारीनं झालं की दोन्हीनं, ते मी सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. पण दवाखान्याची वाट दारूनं बंद केली नव्हती. त्या चार शब्दांनी केली होती.

आता जे खरं आहे तेही बोललं पाहिजे, नाहीतर आपणही लबाडच. आईनं घेतलेली दारू नाळेतून थेट गर्भात जाते. आईचं लिव्हर ती जिरवतं, गर्भाचं लिव्हर अजून कच्चं असतं. वाढ खुंटते, मेंदूला इजा होते, मूल पोटात दगावतंसुद्धा. किती प्यालं तर चालतं, असं कुठलंही माप सापडलेलं नाही. नवटाक असो की इंग्लिश, आत जातो तो अल्कोहोलच. हातभट्टीत वर मिथेनॉलची भीती. २०१५ साली मालवणीत शंभरावर माणसं मेली ती त्यानंच.

हे ज्ञान काही फार जुनं नाही. १९६८ साली फ्रान्समध्ये लेमवान नावाच्या डॉक्टरनं लिहिलं, १९७३ साली अमेरिकेत सिएटलला जोन्स आणि स्मिथ यांनी या आजाराला नाव दिलं. त्यांनी तपासलेली आठ मुलं तीन वेगवेगळ्या वंशांची होती. हे नीट वाचा. दारू रक्त बघत नाही, वंश बघत नाही. आणि गंमत अशी की त्याच काळात मोठमोठ्या इस्पितळांतले डॉक्टर अवेळी कळा थांबवायला गरोदर बायांच्या शिरेतून अल्कोहोल सोडत होते! तेव्हा त्यांना कुणी लाज काढली नाही.

देशात दारू पिणाऱ्या बाया शंभरात जेमतेम एक, पुरुष अठरा-एकोणीस, असं २०१९-२१ ची सरकारी कुटुंब पाहणी सांगते. तरी बदलापूरच्या टॉवरमधली बाई पार्टीत वाईन घेते, तिला तपासणीत कुणी विचारत नाही. आणि आमच्या बाईला न विचारताच ठरवून टाकतात. दोघींचंही पोर मरतं यात. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : सगळ्यांना विचारा. पहिल्या तपासणीला विचारा, दर तपासणीला विचारा, एकाच आवाजात, रांगेत नव्हे तर आडोशाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली हेच सांगितलंय.

आमच्या वस्तीत हे एका मावशीला न शिकता जमायचं. मावशी मांगवाड्यातली सुईण. गावात तिच्या आईनं सगळ्या गावाच्या नाळा कापल्या, कारण ते काम विटाळाचं. बाळ हातात आलं की बाहेर हो म्हणायचे. वहिनींना दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मावशी संध्याकाळी दारात येऊन बसली. दारूचं नावच काढलं नाही. "झोप लागती का? खाल्लंस काय? कामावरून आल्यावर जीव कशाला ओढ घेतो?" वहिनींनी आपणहून सांगितलं. मावशी म्हणाली, "झालं ते झालं पोरी. आजपासनं जेवढं कमी करशील तेवढं त्याच्या अंगी लागंल." मग वहिनींच्या नवऱ्याला बोलावून विचारलं, "नऊ महिने तू सोडतोस का? का तिनं एकटीनंच?" गडी मान खाली घालून बसला.

मावशीनं आणखी एक ओळखलं, जे शिकलेल्यांच्याही लक्षात येत नाही. सकाळी वहिनींचे हात थरथरायचे. रोज पिणारीनं एकदम तोडली तर झटके येतात, आई आणि बाळ दोघं जातात. अशा बाईला 'उद्यापासून बंद' म्हणायचं नसतं, इस्पितळात न्यायचं असतं. मावशी स्वतः घेऊन गेली, वॉर्डात सोबत राहिली. वहिनी पूर्ण सुटल्या असं नाही. दोनदा घसरल्या. दोन्ही वेळा मावशीलाच येऊन सांगितलं, लपवलं नाही. दुसरी पोरगी अडीच किलोची झाली.

आज सुईणींना दवाखान्यात कुणी उभं करत नाही. त्यांच्या जागी आलेली आशाताई २००५ पासून 'स्वयंसेविका' म्हणून कामाच्या हिशेबानं मोबदल्यावर राबते. दारात तासभर बसायचे तिला कोण पैसे देणार? ते द्या. सिस्टरांना हे विचारायला शिकवा. आणि ठेक्यावरच्या सफाईवालीला हातमोजे, बूट, साबण आणि पगारी बाळंतरजा द्या. बाबासाहेब १९२८ साली मुंबई कौन्सिलात बाळंतरजेच्या बिलाच्या बाजूनं बोलले, १९२९ ला कायदा झाला. २०१७ पासून कागदावर सव्वीस आठवडे आहेत. वहिनींना सव्वीस दिवससुद्धा मिळाले नाहीत.

आणि आपण? बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची एक आहे, ती चौदा ऑक्टोबरला घसा फोडून म्हणायची आणि कविसंमेलन संपलं की बाटली फोडायची. मीही त्यातलाच, नाकारत नाही. आपली बाई पिते तेव्हा आपल्याला समाजाची अब्रू आठवते, आपण पितो तेव्हा ते बंड असतं. घरात गरोदर बाई असताना पिणाऱ्यानं क्रांतीवर कविता माझ्याकडे वाचू नये.

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते. वस्तीतल्या ज्या बाया एकट्या जायला घाबरतात त्यांच्यासोबत मावशी जाणार आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातल्या पोरांनी आपल्या घरातली एकेक बाई सोबतीला द्यावी. रिक्षाचे पैसे वर्गणीतून काढू. त्या दिवशी माझी रात्रपाळी आहे, सकाळी मी मोकळा आहे.