निवडुंगाचा निबंध की निवडुंगाची कुंडी?

'निवडुंग' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या की बहुतेक वह्यांत एकच वाक्य सापडतं: "निवडुंग आपल्याला संकटातही हसायला शिकवतो." मुलांचा दोष नाही, गाईडमध्ये तेच छापलेलं असतं. पण झाड नीट पाहण्याआधीच त्याच्याकडून बोध घ्यायची ही घाई थांबली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाशिक रोडच्या नर्सऱ्यांमध्ये मॅमिलेरिया नावाचा छोटा कॅक्टस मिळतो. मूठभर, गोल, मूळचा मुख्यतः मेक्सिकोचा. (घेताना फूल हलकेच हलवून पाहा. कधी कधी सुकं फूल गोंदाने चिकटवलेलं असतं!) कुंडी वर्गाच्या खिडकीत ठेवा आणि मुलांच्या हातात भिंग द्या. अंगभर गोल फिरत गेलेले छोटे छोटे उंचवटे दिसतील. प्रत्येकाच्या टोकावर लोकरीसारखी बारीक गादी आणि तिच्यातून काट्यांचा झुबका. ही गादी म्हणजे कॅक्टसची खरी ओळख. फुलं मात्र टोकावर येत नाहीत, दोन उंचवट्यांच्या बेचक्यात येतात, तीही बहुधा मागच्या वर्षीच्या वाढीवर. म्हणून शेंड्याभोवती मुकुटासारखं कडं तयार होतं. पुढे पुष्कळ जातींना इवल्या लाल मिरचीसारखी फळं धरतात.

आता सिन्नरकडे जाताना बांधावर दिसणारा तीनधारी निवडुंग आठवा. त्याला लोकरीची गादी नाही, काटे जोडीजोडीने येतात आणि खरचटलं की पांढरा चीक येतो. (चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, मुलांना हात लावू देऊ नका.) तो कॅक्टस नाहीच, एरंडाच्या कुळातला आहे. दोघांनाही कोरड्या हवेत पाणी साठवायचं होतं, म्हणून रूप सारखं झालं. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, पण तोही अमेरिकेतून आलेला. आपल्या तक्त्यांवर राजस्थानच्या उंटामागे हात वर केलेला सग्वारो काढतात, तो तर ॲरिझोनाकडचा! चौथीच्या मुलांना हे सांगितलं तर ती तक्त्यातली चूक आनंदाने शोधतात.

काही पालक म्हणतात, काटेरी झाड अशुभ. काहींना काटा टोचायची भीती वाटते. दुसरी गोष्ट खरी आहे, कुंडी मुलांच्या कोपराला लागणार नाही अशी ठेवावी. पण या झाडाला खरा धोका आपल्या प्रेमाचा. रोज पाणी घातलं की ते बुडातून सडतं. माती वाळूमिश्रित हवी, पूर्ण सुकली की मगच पाणी, आणि पावसाळ्यात कुंडी आडोशाला. पाणी घालायची पाळी लावण्याऐवजी 'आज माती सुकली का?' हे बोटाने तपासायची पाळी लावा.

मग निबंध लिहून घ्या. "आमच्या कॅक्टसला नऊ फुलं आली, सगळी गोल आली, मधे एकपण नाही," असं कुणी लिहिलं तर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असलं तरी मी पूर्ण गुण देईन.