कोमल रिषभाखालची रेघ

मांडणी वाचकाला मासिकाकडे ओढून घेते, हे विधान इतके निरुपद्रवी आहे की त्याला विरोध करण्याचे सहसा कुणाला सुचत नाही. आम्हाला सुचले, त्याला निमित्त घडले. मध्यंतरी आमच्यापैकी दोघे एका महाविद्यालयातील चर्चासत्राला गेले होते. विषय होता नियतकालिकांची दृश्यभाषा. संगीतविषयक नियतकालिकांवरील निबंधात आधी पडद्यावर 'रोलिंग स्टोन'ची मुखपृष्ठे आली, मग डेव्हिड कार्सनने सजवलेल्या 'रे गन'ची पाने आली आणि शेवटी, तुलनेसाठी म्हणून, एका जुन्या मराठी संगीत मासिकातील स्वरलेखनाचे पान आले. रकाने, उभ्या रेघा, ठिपके, आकडे. 'हे तर रेल्वेचे वेळापत्रक!' असे निबंधवाचक म्हणाले आणि सभागृह हसले. निष्कर्ष असा निघाला की मराठी संगीत मासिकांना दृश्यभान नव्हते, म्हणून त्यांना वाचक मिळाला नाही.

आम्ही आंबिवलीची माणसे. शहाड आणि टिटवाळा यांच्यामध्ये राहून ज्यांचा दिवस कसारा लोकलच्या भरवशावर चालतो, त्यांना वेळापत्रकाची उपमा अपमानकारक वाटत नाही. वेळापत्रक हा असा मजकूर आहे की तो वाचून माणूस उठतो आणि काहीतरी करतो. स्वरलेखनाचे पानही तसेच आहे, आणि आमचे भांडण नेमके इथे सुरू होते.

ते पान एकदा नीट पाहू. भातखंडे पद्धतीने लिहिलेली तीनतालातील एखादी मध्य लयीची बंदिश घ्या. सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग, मधे उभ्या रेघा. अशा पुष्कळ बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतात. म्हणून ओळही तिथूनच सुरू केलेली असते: आधी खालीचे शून्य, मग तीनचा आकडा, मग समेची फुली, मग दोन. परिणाम असा होतो की सम ओळीच्या आरंभी न येता बरोबर मध्यावर येते. डोळा डावीकडून निघतो, आठ मात्रा चालतो आणि फुलीवर येऊन पडतो. गाणाराही तेवढ्याच मात्रा चालून त्याच जागी येतो. वर स्वर, खाली अक्षर. स्वर लांबला की अक्षराच्या जागी अवग्रह. मींडेसाठी स्वरांवर कमान, कणस्वरासाठी मुख्य स्वराच्या डोक्यावर लहान अक्षर. याला मांडणी म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? कवितेत ओळ कुठे मोडली यावर आपण वर्गात अर्धा तास बोलतो. बंदिशीच्या पानावरची ओळ कुठे मोडली आहे हे मात्र साहित्याच्या अभ्यासकाला दिसत नाही, कारण ते पान त्याने 'तांत्रिक' म्हणून उलटलेले असते.

हे पान कुणी सहज जाता जाता छापलेले नाही. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि संगीताची पुस्तके छापण्यासाठी स्वतःचा छापखानाही उभारला. त्यांच्या लिपीत कोमल स्वराला हलन्ताची खूण असते. आम्हाला त्यात छापखान्याची नजर दिसते. हलन्ताचा खिळा कुठल्याही देवनागरी छापखान्यात असायचाच; वेगळा ओतून घेण्याची गरज नव्हती. भातखंड्यांनी दुसरा मार्ग धरला: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. या वकील माणसाने मूळ मराठीत लिहिलेल्या क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत दीड हजाराहून अधिक बंदिशी आहेत. त्यातली प्रत्येक रेघ आणि प्रत्येक टिंब कुणा जुळाऱ्याने हाताने बसवलेले आहे. या दोन लिपींच्या अनुयायांत पुढे जे वाद झाले ते तुम्हाला ठाऊक आहेत. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की पानावर कुठली खूण कुठे असावी यावर मराठी माणसे हिरिरीने भांडली. दृश्यभान नसलेली माणसे अशी भांडत नाहीत.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' १९४७ साली निघाले. त्याचे संपादक प्रा. बी. आर. देवधर स्वतः पलुस्करांचे शिष्य. देवधरांची गायकांवरील व्यक्तिचित्रे पुढे 'थोर संगीतकार' या पुस्तकात आली आणि साहित्याच्या माणसांनीही ती वाचली. पण आमच्यातील एकाच्या घरी विशारदच्या तयारीच्या काळापासून जे जुने अंक जपलेले आहेत, त्यांत पेन्सिलीच्या खुणा व्यक्तिचित्रांवर नाहीत. त्या स्वरलेखनावर आहेत. कुठे मात्रा मोजलेली, कुठे श्वासाची जागा दाखवलेली. वाचक आकर्षित झाल्याचा याहून मोठा पुरावा कोणता, ते आम्हाला कळत नाही. मुखपृष्ठावर कुणी पेन्सिलीने लिहीत नाही.

आता पश्चिमेकडे वळू, कारण निबंधाचे सगळे माप तिकडून आलेले होते. 'रोलिंग स्टोन' नोव्हेंबर १९६७मध्ये निघाले, तेव्हा तबकडी विकत घेणारा श्रोता हा त्याचा वाचक होता. त्या वाचकाला गायकाचा चेहरा हवा होता आणि त्याने तो दिला. यात वावगे काही नाही. कार्सनने १९९४ साली 'रे गन'मध्ये ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून चक्क चिन्हांच्या टंकात छापली. एक अक्षर वाचता येईना. ही खोडी आम्हाला आवडते. पण ती शक्य झाली ती वाचकाकडून मासिकाला काहीच करून घ्यायचे नव्हते म्हणून. वाचक पान पाहील, गाणे दुसरीकडे ऐकेल, असा तो करार होता.

आणि पश्चिमही एकजिनसी नाही. इंग्लंडात पंकच्या लाटेत 'साइडबर्न्स' नावाचे एक हाताने बनवलेले पत्र निघाले. १९७७ साली त्यात गिटारवरील तीन स्वरमेळांच्या आकृत्या वेड्यावाकड्या हाताने काढून, एवढ्यावर आता वाद्यवृंद काढा, असे वाचकाला सांगितलेले होते. आज त्या लाटेच्या इतिहासात ते पान हमखास येते. रकाने, रेघा, ठिपके! चर्चासत्रात ते दाखवले असते तर कुणी हसले नसते. त्याला क्रांतिकारी दृश्यभाषा म्हटले गेले असते. आमच्या फुलीला आणि शून्याला मात्र वेळापत्रक म्हणायचे.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. असल्या निष्कर्षांवर संपादक अंक काढतात, ही खरी अडचण आहे. दिवाळी अंकांतील संगीतविषयक विभाग अलीकडे कसे दिसतात? काळ्या पार्श्वभूमीवर पानभर छायाचित्र, डोळे मिटलेले, एक हात हवेत, मागे तानपुऱ्याची धूसर आकृती. मजकूर पांढऱ्या अक्षरांत, आणि बहुधा विशेषणांत. गायकाने त्या रागात नेमके काय केले, हे दाखवायला लागणाऱ्या चार स्वरांनाही तिथे जागा नाही. 'सर्वसामान्य वाचक नोटेशनला घाबरतो' असे उत्तर मिळते. आमच्या मते ही मांडणी वाचकाला घाबरवत नाही हे खरे, पण ती त्याला प्रेक्षक करून सोडते. गाणे हे दुसऱ्याने करायचे आणि आपण नमस्कार करायचा, एवढेच ते पान शिकवते.

क्वचित कुणी स्वरलेखन छापलेच, तर काय होते तेही सांगतो. आमच्या हाती आलेल्या एका विशेषांकात भैरवीची बंदिश होती. मजकूर एका टंकातून दुसऱ्यात नेताना अक्षरांखालच्या साऱ्या रेघा गळाल्या होत्या आणि ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. भैरवीत रिषभ, गंधार, धैवत, निषाद हे चारही कोमल. चारही रेघा गेल्या की उरतो तो बिलावलाचा थाट. संपादकांनी भैरवीच्या नावाखाली भलतेच स्वर छापले, वर तिच्या आर्ततेवर दोन पाने लिहिली! आमच्या तालुक्याचे नाव धारण करणाऱ्या कल्याण थाटाचेही तसेच आहे. मध्यमावरची एक उभी रेघ पडली की कल्याणचा बिलावल होतो. कवितेत एवढी चूक झाली असती तर पुढच्या अंकात खुलासा आला असता.

संगणकावर या खुणांची सोय नाही, ही सबब अर्धीच खरी आहे. वेदपाठासाठी उदात्त-अनुदात्ताच्या खुणा युनिकोडच्या देवनागरीत आहेतच: अक्षरावर उभी रेघ, अक्षराखाली आडवी रेघ. भातखंड्यांच्या तीव्र आणि कोमलाचे काम त्यांवर भागते. खालच्या टिंबासाठी नुक्ता आहे, वरच्यासाठी अनुस्वार आहे. मींडेची कमान आणि कणस्वर यांना कष्ट पडतात, हे मान्य. पण जो संपादक तानपुऱ्याची धूसर आकृती जुळवायला एक दिवस देतो, त्याला चार रेघांसाठी एक दुपार जड जाऊ नये.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. नुसत्या स्वरलेखनाने भरलेले मासिक परीक्षार्थींचे परिपत्रक होते, आणि काही काळ काही मासिके तशी झालीही. शिवाय लिपी हा सांगाडा आहे, गाणे गुरूच्या तोंडून यायचे, असे घराण्यांतील जाणती माणसे म्हणत आली आणि ती चुकत नव्हती. परंतु याला तोड आपल्याकडेच होती. संगीत नाटकांच्या पदांच्या पुस्तिका आठवा. स्वस्त कागद, बारीक टाइप, चित्र नाहीच. पण पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि बहुधा 'चाल' दिलेली: अमुक प्रसिद्ध पदाप्रमाणे. ज्याला स्वरलेखन येत नव्हते त्यालाही तेवढी एक ओळ पुरत असे. ऐकलेली चाल आठवून घरी पद म्हणता येई. संपूर्ण लिपी आणि नुसते छायाचित्र यांच्यामधली ती एक ओळ आजच्या अंकांतून का गेली, याचे उत्तर दृश्यभाषेच्या अभ्यासकांनी द्यायला हवे. जागा लागत नाही, खर्च येत नाही.

आमच्या शेजारी मोहन्याला एक पेटीचा वर्ग चालतो. तिथली मुले बंदिशी वहीत हाताने उतरवून घेतात. बाईंना आम्ही विचारले, झेरॉक्स का देत नाही? त्या म्हणाल्या, झेरॉक्समध्ये खालची टिंबे जातात, मग पोरे मंद्रातला निषाद मध्यात वाजवतात. म्हणून पट्टी घेऊन रकाने आखायचे, स्वर लिहायचे, टिंबे द्यायची, आणि मग बाई प्रत्येक वही लाल पेनने तपासतात. अंकांच्या मुद्रितशोधनाची अवस्था वर सांगितलीच आहे.

त्या निबंधाच्या लेखकांना आमची एकच विनंती आहे. पुढच्या वेळी ते पान पडद्यावर आणतील तेव्हा सभागृहात पेटी वाजवू शकणारे कुणी आहे का, ते आधी विचारावे. असल्यास हसणे थांबवून त्याला पुढे बोलवावे, आणि पान पाहून पहिली ओळ वाजवायला सांगावी.